परतीची पोती

गावातल्या एकमेव खतविक्रेत्याला सगळे शेठ म्हणत. पण शेठजीपणाची खूण त्यांच्यापाशी एकच होती, ती म्हणजे पोट. त्यांची धाकटी बहीण ओढ्याच्या खालच्या अंगाला राहत असे. तिच्या विहिरीवर ‘पाणी पिण्यास अयोग्य’ अशी लाल पाटी लागली, तेव्हा तान्ह्या नातीला कडेवर घेऊन ती थेट दुकानात आली.

“दादा, तू विकतोस ते आम्ही पितो,” एवढेच बोलली.

शेठना त्या दिवशी घास उतरला नाही. पिकाला किती खत लागते हे गिऱ्हाइकांना ठाऊक होते. तरी उरलेले पोते ओल धरून दगड होणार, या धास्तीने हंगामाअखेर प्रत्येक जण ते शेतातच रिकामे करी आणि पाऊस ते विहिरीपर्यंत पोचवी. धंद्यात केस पांढरे झालेल्या शेठचा उपदेशावर विश्वास नव्हता. त्यांनी दुकानाबाहेर फळा लावला : न फोडलेले पोते परत आणा, पूर्ण किंमत न्या.

कंपनी मात्र माल परत घेत नसे. पोत्यांची रीघ लागली, तर पुढच्या हंगामापर्यंत पैसा अडकून दुकान बसणार होते.

कोरडी जागा हवी म्हणून त्यांनी घरची बैठकीची खोली रिकामी केली.

“अहो, पाहुण्यांना काय युरियावर बसवायचं?” बायको कडाडली.

“कोरडा राहिला तर दगड होत नाही तो.”

“मग तुमच्या डोक्याचं काय झालं?”

हंगामाअखेर सर्वांत चिकट गिऱ्हाईक पाठीवर पोते घेऊन आले. “शेठ, देताय की चेष्टा करताय?” शेठनी गल्ला उघडला. पाहता पाहता खोली भरली, गल्ला तळाला गेला. तेव्हा शेठ पाणीपुरवठा कचेरीत जाऊन बसले.

“साहेब, खत पाण्यातून काढायला तुम्हाला केवढा खर्च! मी ते पाण्यात पडूच देत नाही. निदान खोलीचं भाडं तरी द्या.”

साहेब हसले, पण हिशेब पटला. भाड्यावर दुकान तगले.

वर्षाने बहीण घरी आली, पोत्यावरच टेकली.

“पाटी अजून आहे, दादा. पण तपासणीवाला म्हणाला, पाण्यातल्या खताचा आकडा उतरलाय.”

“म्हणजे ओढ्याच्या वरच्या गावालाही पोती आणायला सांगायला हवं,” म्हणत शेठ निजायच्या खोलीकडे पाहू लागले.

“आणि आपण झोपायचं कुठे?” बायको म्हणाली. तोवर तिने पलंगाचे एक टोक उचललेही होते.