चौथा स्क्रू आणि बाथरूममधले काका

त्या रविवारी मला बघायला कळवणहून पाहुणे यायचे होते. सकाळपासून आई मला एकच गोष्ट बजावत होती. "कामाचं विचारलं तर 'कंपनीत आहे' एवढंच सांग. भोकात काय मोडलं आणि ते तू कसं काढलंस, हे पुराण नको."

माझं काम मात्र तेच आहे. अंबडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी असते. साच्यात ड्रिल मोडून बसलं, स्क्रूची खाच झिजून गुळगुळीत झाली, बोल्टचं मुंडकं तुटून धड आतच राहिलं, की तो जॉब माझ्या टेबलावर येतो. आई म्हणते, हे दातांच्या डॉक्टरसारखंच आहे, फक्त पेशंट ओरडत नाही. बायोडाटात तिने 'स्वयंपाकाची आवड' असं लिहून टाकलं होतं. ते वाचून बाबांना ठसका लागला होता.

पाहुणे तिघेच आले. मुलगा, त्याची आई आणि वडील. मुलगा घरी बसून कुठल्याशा कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करायचा. बोलायला बरा होता, पण सारखा घड्याळाकडे बघत होता. काकू शांत होत्या. काका मात्र दारातूनच मोठ्याने बोलत आले. टोमॅटो आणि डाळिंबाची शेती, रुंद खांदे, आणि हात असे की आमचा चहाचा कप त्यांत बाहुलीच्या भातुकलीतला वाटला. चहा झाला आणि काकांनी बाथरूम कुठे आहे ते विचारलं.

आमचं बाथरूम मागच्या अंगणाच्या बाजूला आहे. लोखंडी पत्र्याचं दार, आतून आडवी कडी. दिवाळीत बाबांनी दाराला हिरवा ऑइलपेंट लावला, तो कडीलाही लावला, स्क्रूंनाही लावला. रंग उरला होता म्हणून.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अहो, तुमच्या कडीचं बोंड माझ्या हातात आलं!"

बाबा धावले. "अहो, दांडी सरकवून बघा!"

"कशाला धरून सरकवू? धरायचं होतं तेच हातात आलंय ना!"

दांडी रंगाने आणि गंजाने घट्ट बसली होती. दार आत उघडणारं, त्यामुळे बिजागऱ्याही आतच. बाबा दाराला खांदा लावायला निघाले, तर आईने त्यांचा शर्ट धरला. "पाहुण्यांच्या अंगावर दार पाडता का?"

काकू पोहे खात होत्या. त्या म्हणाल्या, "घाई नका करू. घरी पण ते बाथरूममध्ये लय वेळ बसतात."

मी पैठणीचा पदर खोचला. आईने डोळे मिटून घेतले.

मागच्या अंगणात जाऊन मी स्टूल लावलं, वर चढले आणि झरोक्याच्या काचेच्या पट्ट्या एकेक करून काढल्या. आत काका बादली उपडी घालून तिच्यावर बसले होते.

"काका, कडीला चार स्क्रू आहेत. ते काढले की कडी निघेल आणि दार उघडेल. मी स्क्रूड्रायव्हर सोडते."

"सोड. आम्ही फवारणीचा पंप रोज खोलतो," काका उठून म्हणाले.

भाजीच्या पिशवीला सुतळी बांधून मी हत्यारं आत सोडली. आधी खाचांमधला रंग खरवडायला लावला. तीन स्क्रू कुरकुरत का होईना, पण निघाले. चौथ्यावर काकांनी सगळं बळ लावलं. कर्रर्र असा आवाज झाला.

"फिरला?" मी विचारलं.

"स्क्रूड्रायव्हर फिरला. स्क्रू हाय तिथंच."

खाच गेली होती. मी आईकडून कोथिंबिरीच्या जुडीचा रबर मागवला. झिजलेल्या खाचेवर रबर ठेवून स्क्रूड्रायव्हर दाबला की कधीकधी पकड मिळते. काकांनी दाबला. रबर तुटून त्यांच्या कपाळाला लागला.

"दुसरं काय हाय तुझ्याकडं?" कपाळ चोळत त्यांनी विचारलं.

आता स्क्रूचं डोकंच ड्रिलने कापायचं ठरलं. घरी माझं बॅटरीवरचं ड्रिल होतं, तेही पिशवीतून आत गेलं. स्टूल डुगडुगत होतं, म्हणून मुलगा येऊन ते धरून उभा राहिला. आमची दोघांचीच पहिली भेट ती अशी. मी वर, तो खाली, त्याच्या डोक्यावर माझा पदर.

"मधोमध धरा! हळू! जोर नको!" मी आत ओरडत होते. ड्रिल घरघरत होतं.

खालून मुलगा हळूच म्हणाला, "तुम्हाला एक सांगू का? राग मानू नका. माझं एका मुलीवर प्रेम आहे. घरी सांगायची हिंमत होत नाही. बाबा फार तापट आहेत."

मी खाली बघितलं. बिचाऱ्याचा चेहरा अगदी रडवेला झाला होता. मला राग यायला हवा होता, पण मला हसूच आलं.

"मग आत्ता सांगा ना," मी म्हणाले. "याहून चांगली वेळ कुठली? ते बाहेर येऊ शकत नाहीत."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग झरोक्याकडे. मग डोळे मिटून एका दमात ओरडला, "बाबा, मला दुसरी मुलगी आवडते! लग्न तिच्याशीच करणार!"

आत कट्ट असा आवाज झाला आणि ड्रिल थांबलं. केव्हाचे कुंपणाशी येऊन उभे असलेले शेजारी आणखी पुढे सरकले.

"ती पोर कोन शे?" आतून गर्जना झाली.

"अहिराणीवर आले," काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "खरंच रागावलेत."

"काका, आवाज कसला झाला?" मी विचारलं.

"ड्रिलचं टोक मोडलं! तुकडा स्क्रूत ऱ्हायला! तू बाजूला हो पोरी, त्याला पुढं कर!"

"त्याला नंतर बघा. आधी तुकडा. बाहेर किती दिसतोय?"

त्यांनी वाकून बघितलं. "गव्हाच्या दाण्याएवढा."

"मग निघेल. रागाने नाही निघणार पण."

मी बारीक चोचीची पक्कड, एक खिळा आणि खोबरेल तेलाची बाटली सोडली. दोन थेंब तेल, खिळ्याने हलकेच टकटक, मग तुकडा चोचीत धरून उलटा, अगदी केसभर फिरवायचा. ओढायचं नाही. जोर केला तर तिथेच तुटणार आणि मग काही खरं नाही. पहिल्यांदा पक्कड सटकली, दुसऱ्यांदाही सटकली. मी सांगितलं, "श्वास सोडा, मग फिरवा." ते मोठ्याने श्वास सोडत, पक्कड फिरवत, आणि मध्येच विचारत.

"शिकलेली हाय का?"

"नर्स आहे, बाबा," मुलगा खालून म्हणाला.

टकटक. श्वास.

"माणसं कुठली?"

"येवल्याची."

टकटक. श्वास.

"आईला ठाऊक हाय?"

मुलाने काकूंकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "मला केव्हाचं ठाऊक हाय." आणि आणखी पोहे घेतले.

आत पुन्हा टकटक सुरू झाली. मग एकदम, "आला! पोरी, आला गं! अख्खा आला!" शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. ड्रिलचं नवं, जाड टोक आत गेलं, स्क्रूचं डोकं उडालं आणि कडी खणकन फरशीवर पडली. दार उघडून काका बाहेर आले. मिशांत लोखंडाचा भुसा, कपाळावर रबराची लाल रेघ, आणि चिमटीत तो तुकडा. सगळ्यांना त्यांनी तो दाखवला. मुलापाशी थांबून एवढंच म्हणाले, "तिच्या बापाला फोन लावू आपण. पण आधी मला पोहे द्या."

निघताना त्यांनी आईला सांगितलं, "तुमची पोरगी लय गुणाची. आमच्या नशिबात नाय." आई संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मग शेजारच्या बाई माझं कौतुक करायला आल्या, तेव्हा मात्र ड्रिलपासून बोल्टपर्यंत माझं सगळं काम तिनेच त्यांना समजावून सांगितलं, निम्मं चुकीचं.

मुलाचं लग्न येवल्याच्या त्या मुलीशी झालं. आम्ही तिघेही गेलो होतो. काकांनी मला नवरीच्या वडिलांपुढे उभं केलं आणि माझी ओळख करून दिली, "ह्यांच्यामुळं जमलं." ते गृहस्थ मला लग्न जुळवणारी बाई समजले आणि त्यांनी आपल्या धाकट्या मुलाची पत्रिका माझ्या हातात ठेवली.