रेसच्या गाडीचं रनिंग-इन

तर भिमाजी मिस्त्रीनं हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर कॉम्प्युटरच्या डब्याला टेकवला आणि त्याची मूठ कानाला लावली, इथवर काल आलो होतो. मिनिटभर डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "कुंद्या, तुझं इंजिन मागनं बघू. आधी याच्या पंख्याचं बेअरिंग बदल."

कुंदननं डबा उघडून पंखा फिरवून पाहिला. खरंच गेलं होतं.

हा कुंदन म्हणजे भिमाजीच्या बहिणीचा, सिंधुबाईचा मुलगा. इंजिनिअर झाला आणि दोन हजार चार साली गंगापूर रोडला एका खोलीत बसून मोटारींच्या शर्यतीचा खेळ बनवू लागला. टेबलाला स्टिअरिंग, पायाशी ब्रेक, क्लच, सगळं. आणि पडद्यावरची गाडी खऱ्या गाडीसारखीच वागली पाहिजे हा हट्ट. मालक पुण्याचे, रविराज साहेब. दोघांचं बिनसलं ते एका इंजिनावरून. काही मोटारींचे व्हॉल्व्ह हळू चालताना थोडे उघडतात आणि जोरात पळताना जास्त. माणूस चालताना एक श्वास घेतो, पळताना दुसरा, तसंच. कुंदननं हे सगळं खेळात उतरवायला तीन महिने घातले होते.

रविराज म्हणाले, "शर्यतीत सगळे दाबूनच चालवतात. पळायचा श्वास तेवढा ठेवा, बाकीचं काढून टाका. कुणाला कळणारे?"

"माझ्या मामाला कळेल," कुंदन बोलून गेला आणि अडकला.

मामा कांद्याच्या ट्रकवर क्लीनर होऊन सटाण्याहून नाशकात आलेला. शाळा चौथीपर्यंत. तिथल्या द्वारका चौकाजवळ पत्र्याची शेड टाकून मिस्त्री झाला. पण असलं श्वास बदलणारं इंजिन त्यानं स्वतःच्या हातानं खोललं होतं. मुंबईच्या एका शेठची गाडी चौकात बंद पडली, तेव्हाची गोष्ट. इंजिन पुन्हा जोडलं, झकास चालू झालं, आणि खाली एक नट उरला. तो नट अजून देव्हाऱ्यात आहे. सिंधुबाई विचारते, "दादा, शेठ पोचला असंल का रे मुंबईला?" भिमाजी म्हणतो, "पोचला नसता तर भांडायला आला नसता का?"

रविराजांनी परीक्षाच मांडली. "दोन गाड्या लावतो. एकीत सगळं आहे, एकीत नाही. कुठली कोणती, ते फक्त मला माहीत, कागदावर लिहून खिशात ठेवलंय. मामांनी ओळखलं तर राहील. नाहीतर कुंदन, तीन महिन्यांचं काम आजच पुसायचं."

डब्याचा पंखा बदलून झाला तसा भिमाजी चपला काढून बसला. स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला.

"हॉर्न कुठंय रं?"

"मामा, रेसमध्ये हॉर्न नसतो."

"मंग म्होरचा बाजूला कसा व्हतो? बरं, गाडी नवी हाय का?"

"एकदम कोरी," कुंदन म्हणाला आणि त्यानं जीभ चावली. पण उशीर झाला होता. नव्या इंजिनाचं रनिंग-इन म्हणजे पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायचं नाही, हा भिमाजीचा नेम. गिऱ्हाइकानं पाय धरले तरी मोडत नसे.

निघाली स्वारी चाळीसनं. बाकीच्या मोटारी सूं सूं करत जात होत्या आणि भिमाजी उजवा हात हलवून त्यांना पुढं जायची खूण करत होता.

"काका, दाबा की जरा!" रविराज कळवळले.

"कोऱ्या इंजिनावर? साहेब, त्याला बी जीव हाय."

कुंदनला घाम फुटला. व्हॉल्व्ह बदलतात ते वरच्या वेगाला, आणि मामा तिथं जन्मात जाणार नव्हता. ओळखणार कसा?

तेवढ्यात चढ आला. दुरुस्त केलेली प्रत्येक गाडी भिमाजी पांडवलेणीच्या चढावर टॉप गिअरमध्येच चढवून बघायचा. इथंही त्यानं टॉप सोडला नाही. गाडीनं धापा टाकल्या आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच.

"दुसरी लावा," भिमाजी म्हणाला.

दुसरीही चाळीसनंच. पण तोच चढ, तोच गिअर, आणि गाडी कुरकुर न करता वर गेली. कुंदननं श्वास सोडला. भिमाजी मात्र उतरेना. फेरीवर फेरी, तास होत आला. रविराजांनी दोनदा चहा मागवला.

"काका, काही कळलं का?"

"ते मघाच कळलं. पयल्या गाडीला निस्ता पळायचा श्वास दिलाय, हळू चालली की तिचा दम कोंडतो. ही दुसरी खरी."

रविराजांनी खिशातला कागद उलगडला. दुसरीच होती. तरी हटेनात. "पण काका, शर्यतीत चाळीसनं चालवतं कोण?"

भिमाजीनं हनुवटीनंच पडद्याकडं खूण केली. वळणावर दोन मोटारी गरगर फिरून गवतात जाऊन उभ्या होत्या. "ती बघा. लय दाबली व्हती. आता रस्त्यावर येतील ती हळूच येतील ना? तवा कोनचा श्वास घेतील?"

रविराजांनी कागदाची पुन्हा घडी घातली. सकाळी त्याच वळणावर ते स्वतः तीनदा गवतात गेले होते.

"राहू द्या कुंदन, काही पुसू नका," ते शेवटी म्हणाले. "आणि काका, आता उठा. हा डबा मला आजच पुण्याला न्यायचाय."

भिमाजीनं पडद्यावरचा किलोमीटरचा आकडा वाचला आणि स्टिअरिंगवरचा हात न काढता म्हणाला, "कसं उठू साहेब? चाळीसच किलोमीटर झालेत, अजून नऊशे साठ ऱ्हायलेत. अर्धवट रनिंगची गाडी मी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देत नाय."