जुन्या मशीनवाला सलीम

सलीमनं मला एकदाच खोटं बोलायला सांगितलं होतं. मी बोलले नाही.

परवा तो गेला.

मी सांगतेय, नात टाइप करतेय. मला अक्षर येत नाही. गल्लीला ठाऊकच होतं, आता तुम्हालाही.

सलीमचं दुकान पिठाच्या गिरणीशेजारी. व्हिडिओ गेमच्या डिस्क विकायचा. दळण होईपर्यंत मी त्याच्या स्टुलावर बसायचे.

एकदा डब्यावरचा घोडा बघून नातवंडांसाठी एक डिस्क नेली. घरी टीव्हीच्या गेम-मशीनमध्ये लावली, तर गाड्यांचा गेम! दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढं आपटली.

"सलीम, डब्यावर घोडा, आत गाढवसुद्धा न्हाय की रे!"

"मावशी, गाडीच्या कंपनीचा घोडा हाय तो. खाली लिवलंय की."

"वाचता आलं असतं तर कलेक्टर झाले असते. तुझ्या स्टुलावर कशाला बसले असते?"

लई हसला. तेव्हापासून नवीन डिस्क आली की पहिला रिमोट माझ्या हातात. त्याचं म्हणणं सरळ होतं. न वाचता मावशीला जमला, तर गेम चांगला.

पोरं माझं तोंड बघून डिस्क घ्यायला लागली. सत्तरीत मी टेस्टर झाले.

मग कंपन्यांनी ठरवलं, नवीन गेम फक्त नवीन मशीनवर.

आमच्या गल्लीत सगळी मशीनं जुनी, सेकंडहँड. दिवसभर टॉवेल विणणाऱ्यांच्या घरात नवीन मशीन कुठनं येणार? सलीमचं दुकान ओस पडलं. शटर कायमचं ओढायची वेळ आली.

तेवढ्यात एका कंपनीनं रेसचा नवा गेम जुन्या मशीनवरही काढला. सलीमनं खोकंभर मागवला. दुकानात पाय ठेवायला जागा नाही एवढी पोरं. रिमोट देताना तो माझ्या कानाशी वाकला.

"मावशी, आज जरा बरं बोला. दुकान वाचंल."

मी खेळले.

गाडी रस्त्यात कमरेपर्यंत रुतली. कडेला उभ्या लोकांना तोंडंच नव्हती. तिसऱ्या वळणावर सगळं थिजलं.

पोरं माझ्याकडं बघत होती. सलीम खाली बघत होता.

म्हटलं, "पोरांनो, नवीन मशीनवाल्यांना पंगत वाढली, आन आपल्याला पातेलं खरवडून दिलंय. घेऊ नका."

दुकान रिकामं झालं. सलीम डिस्क परत खोक्यात ठेवायला लागला. मी पिठाचा डबा उचलला आणि घरी आले.

आठ दिवस तिकडं फिरकले नाही. दळण दुसऱ्या गिरणीत. बोलले ते खरंच होतं, पण भर दुकानात बोलले. त्याला बाजूला घेऊन सांगता आलं असतं की.

नवव्या दिवशी गेले. खोकं परत गेलेलं. सलीमनं कुठनं कुठनं जुने, चांगले गेम गोळा करून आणले होते. एक आणा, एक न्या. अशा अदलाबदलीवर दुकान पुढं कितीतरी वर्षं तगलं.

त्या दिवशी त्यानं रिमोट पुढं केला. मी घेतला आणि स्टुलावर बसले.

रागावला होतास का, हे मी कधी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

काल त्याच्या घरी गेले. त्याची बायको रेहाना माझा हात धरून म्हणाली, "ते आठ दिवस रोज घरी येऊन एकच बोलायचे. मावशी आज भी नै आयी. गुस्सा है मेरे पे."

थांबलीस कशाला गं? टाइप कर.

मला वाटलं तो रागावलाय. त्याला वाटलं मी रागावलेय.

आठ दिवस फुकट घालवले की रे आपण, सलीम.

नीट जा, बाबा.

तुझी मावशी