सात ऐकले, सहा मोजले

आधीच सांगून ठेवतो, मी भुताखेतांतला माणूस नाही. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली, तेव्हा वडिलांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि नदीत सोडून आले. त्या दिवसापासून आमच्याकडं अंगात येणं, लिंबू-मिरची, उतारा... सगळं बंद. पुढं पंधरा वर्षं मी लष्करात सिग्नलमध्ये काढली. वायरलेसच्या खरखरीतून नेमका शब्द वेचायचा आणि लिहून घ्यायचा, हे माझं काम. ऐकलं तेच लिहायचं, वाटलं ते नाही. त्यामुळं या भुतांच्या सदरात कुणी पांढरी साडी आणि पैंजण घेऊन आलं की मी हसतो, हे कबूल. मंडळी म्हणाली, "मग तुमचं ते विहिरीचं लिहा की!" म्हणून बसलोय लिहायला. आता माझ्यावर कुणाला हसायचं असेल तर हसा.

बाहत्तरच्या दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता. एकाहत्तरची लढाई संपल्यावर मी पेन्शन घेऊन गावी आलो होतो. शिरूर तालुक्यात, न्हावऱ्यापासून आत आमचं गाव. गावच्या विहिरीवर आमच्या वस्तीतल्या बायकांनी पोहरा टाकायचा नाही. वरून कुणी ओतेल तेवढं घ्यायचं आणि निघायचं. दुष्काळात ओतणाऱ्यांचे हातही आखडले. बारा-बारा तास काठावर बसून बायका अर्धी कळशी घेऊन यायच्या. छातीवर दोन पदकं लावून आलेल्या माणसाला हे बघवेना. मी, धाकटा भाऊ नामदेव आणि वस्तीतली माणसं आमच्याच तुकड्यात विहिरीला भिडलो. तीस फुटांवर काळा खडक लागला आणि पहारी बोथट व्हायला लागल्या.

सुरुंग लावणारा माणूस मिळाला तो दौंडला, स्टेशनसमोरच्या हॉटेलात. फौजी माणूस फौजीला लांबून ओळखतो. बाकावर एक पन्नाशीचे गृहस्थ बसले होते. पाठ ताठ, धोतराखाली बूट आणि त्या बुटांना पॉलिश! शेजारी गप्पा छाटत बसलेले सय्यदभाई. ते दौंडचेच, रिटायर्ड मिलिटरी ड्रायव्हर. मी चहा मागवला आणि त्या दोघांनी एकदमच विचारलं, "कुठली पलटण?"

झालं! तीन तास गेले. सय्यदभाईंनी लडाखच्या घाटात ट्रक कसा उलटा उतरवला ते सांगितलं. त्यातलं निम्मं खरं असावं. बूटवाले म्हणजे हवालदार आप्पा, यवतकडचे शेतकरी, जातीनं मराठा. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते, सफरमैना पलटणीत. म्हणजे सुरुंग लावणारी, रस्ते फोडणारी माणसं. मी दोन दिवस दोन रात्री तुटलेली तार जोडत रांगलो होतो, ते ऐकल्यावर आप्पा बाकावरून उठले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तुमची तार न्हाई तर आमी आंधळंच की रं," म्हणाले. "चहा माझ्याकडनं."

पंधरा वर्षांच्या नोकरीत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. त्या भरात मी विहिरीचं बोलून गेलो. कुणाची विहीर, कशासाठी, तेही स्पष्ट सांगितलं. आप्पा म्हणाले, "लंगरात एका पातेल्यातलं खाल्लंय, आता इचारतोस व्हय? सोमवारी येतो."

आले. चौफुल्याहून न्हावऱ्याच्या गाडीनं, डोक्यावर वळकटी घेऊन. सय्यदभाईही आले, रिकामे बसून कंटाळलो म्हणून! आईनं आप्पांना पाणी द्यायला अंमळ वेळ लावला. आप्पांनी तिच्या हातून तांब्या घेतला आणि सगळा संपवून आणखी मागितला.

आता कामाची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. खडकात भोकं पाडायची, दारू ठासायची, प्रत्येकाला वात. वाती लहान-मोठ्या कापायच्या, म्हणजे बार एकामागून एक उडतात आणि मोजता येतात. आप्पा स्वतः वाती पेटवून दोरशिडीनं वर यायचे आणि पन्नास-साठ पावलांवरच्या जाड बाभळीआड उभे राहायचे. सय्यदभाई गाडीवाटेवर लाल फडकं घेऊन माणसं अडवायचे. जेवढी भोकं तेवढे बार ऐकू आले पाहिजेत. एक जरी कमी आला तर कुणी उतरायचं नाही, कारण तो बार खाली तसाच बसलेला असतो.

पहिल्या दिवशी पाच भोकं होती. पाच बार झाले. मी आप्पांच्या शेजारी होतो. बघतो तर आप्पांची नजर विहिरीकडं नाहीच, माझ्या तोंडाकडं!

"आप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही?"

"डावा कान पार मेलाय," ते हळू म्हणाले. "उजव्यात जरा धुगधुगी हाय, बाकी बोलनं तोंड बघून कळतं, बार मातर मोजता येत न्हाई. वस्तीत बोलू नगंस गड्या, लोकांना भ्या वाटंल. सफरमैनात तरी कुणाला ऐकू येत हुतं? जोडीदार मोजायचा. बार उडाला की एक चापट खांद्यावर. तसं तू कर."

"आणि तो जोडीदार?"

"ऱ्हायला तिकडंच," म्हणाले आणि पहार उचलून चालायला लागले.

मी तेव्हाच थांबवायला हवं होतं. पण मग विहीर कोण खोदणार? म्हणून मी रोज त्यांच्या उजव्या अंगाला उभा राहायचो, कारण बोललेलं त्याच कानात जरासं जायचं. बार झाला की उजव्या खांद्यावर एक चापट. कुणाला वाटायचं, पोरगं हवालदाराला शाबासकी देतंय! मला मात्र घास गोड लागेना. एक मोजणी चुकली तर माणूस जाणार, आणि खाली आधी उतरणार तो माझा भाऊ. शेवटचा बार झाला की मी मनातल्या मनात तीनदा उजळणी करायचो.

दोन महिन्यांत आणखी अठरा फूट गेलो. एका सकाळी खालून ओला चुरा वर आला. बायकांनी तो मुठीत दाबून बघितला. अख्खी वस्ती कळशा घेऊन गोळा झाली... आणि नेमके त्याच दिवशी सय्यदभाई दौंडला. मुलीला बघायला पाहुणे येणार होते. लाल फडकं माझ्याकडं आलं.

मी आप्पांना उजव्या कानात ओरडून सांगितलं, "माणसं लांब करून मी परत येतो. तोपर्यंत वात पेटवू नका."

त्यांनी मान हलवली. काय ऐकलं देव जाणे! (देव मानत नाही, पण तोंडात बसलंय.)

वाटेवर बायका हटेनात. कुणाची शेळी सुटली, कुणाची सासू रुसली. मी हात जोडतोय, ओरडतोय आणि सहज मागं बघतो, तर आप्पा दोरशिडीवरून वर येतायत. वाती पेटवून! पळत जावं तर दगड डोक्यात बसणार. आप्पा आपले सावकाश चालत बाभळीआड गेले. एकटेच. माझ्याकडून ती जागा पूर्ण दिसत होती, झाड मध्ये नव्हतं. भर दुपारचे बारा-साडेबारा, लख्ख ऊन.

मी मोजायला लागलो. भोकं सात होती. एक... दोन... तीन... चार. मधे आप्पांचा डावा हात डाव्या खांद्याकडं गेलेला दिसला, घाम पुसत असतील म्हटलं. पाच... सहा... सात. सातही बार स्वच्छ, वेगवेगळे. बायकांनीही मोठ्यांदा मोजले. सातव्याला त्यांनी एकच गिल्ला केला आणि कळशा उचलल्या. माझा श्वास मोकळा झाला.

पण विहिरीशी पोचतोय तोवर आप्पा दोरशिडीपुढं आडवे उभे.

"सहाच झालं. एक ऱ्हायलाय. कुणी उतरायचं न्हाई."

नामदेव हसला. "आप्पा, सात झालं की! समद्यांनी मोजलं. दादा, सांग की रं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. काय सांगू? सात झाले होते. हे कान पंधरा वर्षं पलटणीनं भरवशानं वापरलेले. आणि समोर जो 'सहा' म्हणतोय त्याला ऐकूच येत नाही, हे तिथं फक्त मला ठाऊक. ते बोललो तर आप्पांची अब्रू जाते, उद्यापासून त्यांच्या हाताखाली एक माणूस उभा राहणार नाही. न बोललो तर पाण्यासाठी आसुसलेली माणसं त्यांनाच बाजूला सारतील. नामदेवनं तेवढ्यात एक पाय शिडीवर टाकलाही होता.

"आप्पांना..." मी तोंड उघडलं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. तो हुकूम होता, साधा, कवायतीतला. इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्या टाचा जुळल्या.

"नाम्या, मागं ये," मी ओरडलो. "हवालदार म्हणतायत ना? मागं ये!"

नामदेव शिव्या पुटपुटत मागं आला. सगळे परत लांब जाऊन बसलो. ऊन तापलं. बायका मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत होत्या. पाच मिनिटं... दहा मिनिटं... मला आप्पांचा राग यायला लागला होता, खोटं कशाला सांगू? म्हटलं, म्हातारपणाच्या हट्टापायी पोरं तहानेली बसलीत. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील.

आणि खाली बार झाला.

दगड वरपर्यंत आले. एक आमच्या कळशीवर बसला आणि कळशी चेपली. नामदेव खाली बसला आणि दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे घट्ट धरून राहिला. त्याचं सव्वा वर्षाचं पोर तिथंच मातीत खेळत होतं. मला रडू फुटलं, सगळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी मी आणि आप्पा उतरून बघून आलो. भोकं सातच होती आणि सातही फुटलेली. पण आम्ही ऐकलेले बार झाले आठ! म्हणजे आदल्या दिवशी अख्ख्या वस्तीनं ऐकलेला एक बार उडालाच नव्हता.

पण मला हादरवलं ते याच्याही आधी, त्या दुपारी. आप्पा बाभळीखाली बसून बिडी पेटवत होते. चार काड्या वाया गेल्या, बिडी पेटेना. मी लावून दिली. म्हणाले, "बरं झालं तू येळंवर आलास. सहा चापट्या मारल्यास आन् थांबलास, तवाच वळाकलं मी."

मी गाडीवाटेवर होतो. शंभर पावलं लांब.

मी खाली पडलेल्या काड्यांकडं बघितलं. अजून खडक बराच राहिला होता. खरं सांगितलं तर हा माणूस उद्या वळकटी उचलून यवतला जाईल, मला दुसरं काही सुचेना.

"व्हय आप्पा," मी म्हणालो. "मीच."

महिन्याभरानं पाणी लागलं. पहिली कळशी आईनं आप्पांपुढं ठेवली, या खेपेला अजिबात वेळ न लावता. त्या विहिरीवर पुढं कुणी कुणाला वरून पाणी ओतलं नाही. ज्यानं त्यानं आपल्या हातानं पोहरा टाकला.

माझा मुलगा इंजिनिअर आहे. तो म्हणतो, जास्तीचा आवाज म्हणजे प्रतिध्वनी, आणि आप्पांना जमिनीचा हादरा पायांतून कळला असणार. निम्मं मला पटतं. पण प्रतिध्वनी त्याआधीच्या दोन महिन्यांत एकदाही कसा आला नाही? आणि पायांतून कळत होतं तर माझी चापट रोज कशाला लागत होती?

आम्ही तिघं नंतरही दौंडला भेटत राहिलो. एकोणऐंशी साली असेल, असेच बसलो होतो. सय्यदभाई नातवाला आणायला शाळेत गेले. एस.टी.ला अवकाश होता. आप्पा म्हणाले, "तू त्या दिशी माझ्याशी खोटं बोल्लास."

मी चहा ढवळत राहिलो.

"तू कायम उजव्या खांद्यावर मारायचास. त्या दिशी चापट्या डाव्या खांद्यावर हुत्या. डावीकडं माझा जोडीदार उभा ऱ्हायचा." त्यांनी बशीतला चहा संपवला. "ब्रह्मदेशात यकदा त्यो तापानं फणफणला हुता. माझ्याजवळ आलाच न्हाई. मीच मोजलं आन् म्हणलो, समदं उडालं. माझ्या शब्दावर त्यो तसल्या तापातबी उठून खड्ड्यात उतारला... ऱ्हायलेला बार त्याच्या म्होरंच उडाला."

हॉटेलात रेडिओ चालू होता. मला त्यातला एक शब्द ऐकू येत नव्हता.

"ज्याला मी चुकीची गिनती सांगितली, त्यानं मला बराब्बर सांगितली," आप्पा म्हणाले. "मला तवाच ठावं हुतं तू न्हाईस म्हणून. पर तू व्हय म्हणलास, म्हणून मी उरलेलं बार लावलं. न्हाई म्हणला असतास, तर पुन्यांदा दारूला हात लावला नसता. बरं झालं."

सहा वर्षं मला वाटत होतं, मी आप्पांना सांभाळतोय. आणि हा माणूस माझं खोटं पहिल्याच दिवशी ओळखून, त्याच्या आधारानं दहा फूट खडक फोडून गेला होता.

स्टँडवर एका बाकावर टेकलो. सवयीनं मी उजवीकडं, आप्पा मधे. त्यांच्या डावीकडं माणूसभर जागा मोकळी होती. एक बाई पिशव्या घेऊन आल्या आणि मला विचारलं, "इथं कुणी बसलंय का हो?"

मी सांगितलं ना, आमच्या घरात यातलं काही चालत नाही. ऐकलं तेच लिहिणारा, दिसलं तेच मानणारा माणूस मी. जागा रिकामी होती, मला स्वच्छ दिसत होती.

"हो," मी म्हणालो. "बसलंय."