दांडी नसलेली सायकल

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी माझ्या पोरानं मला न विचारता माझी सायकल विकायला काढली. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितो.

कारण एवढंच, की मी कराडच्या बाजारात पडलो. तेही दोनदा. माझा उजवा गुडघा अर्धाच वाकतो. चढताना पाय दांडीवर अडकला की मी आणि सायकल दोघं आडवे. पण एकदा बसलो की काही दुखत नाही. चालायला लागलो तर हाच गुडघा मला गल्लीच्या टोकापर्यंतही जाऊ देत नाही. सायकल गेली की मी ओसरीवर बसणार, आणि मग तिथंच. हे पोराला कळत नव्हतं.

एका सकाळी तो सायकलच्या दुकानदाराला घरीच घेऊन आला. मी ओरडलो नाही, तेव्हाच त्यानं सावध व्हायला हवं होतं. मी म्हणालो, विकायची तर बैलबाजाराच्या रीतीनं. दोघांचे हात उपरण्याखाली, बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडानं अवाक्षर नाही आणि मान हलली की सौदा पक्का. आटपाडीपासून कराडपर्यंत मी असेच बैल घेतले-विकले आणि हे घर बांधलं. पोराला ही बोटं कधी शिकावीशी वाटली नाहीत. तो कचेरीत जातो. दुकानदारालाही ती येत नव्हती, पण शेजारचे चार जण जमले होते, त्यांच्यासमोर कबूल कोण करणार?

मी त्याची दोन बोटं धरली, मग चार, मग तळव्याला एक चिमटा काढला. तो मोठ्या जाणत्यासारखा मान हलवत राहिला.

उपरणं झटकून मी म्हणालो, "ठरलं. माझी सायकल तुला, आन् तुज्या दुकानातली बिनदांडीची मला."

"आवं आबा, ती बायकांची हाय. आन् मी कवा कबूल झालो?"

"मान कुणी हलवली? बरं, सांग, मी काय दाबलं हुतं?"

तो शेजाऱ्यांकडं बघायला लागला, शेजारी त्याच्याकडं. शेवटी पडेल आवाजात म्हणाला, "तेच दाबलं हुतं."

"आन् घंटी नवी."

"घंटी कवा?"

"चिमटा काय उगंच काढला व्हय?"

पोरगा एवढंच म्हणाला, की लोक हसतील. मी म्हणालो, पडायचो तेव्हा तरी कुठं रडत होते?

दुसऱ्या दिवशी धोतर सावरून मलकापूरला निघालो. पाय आडवा टाकायची भानगडच नव्हती. वळून पाहिलं तर मागं पोरगा, स्कूटरवर. मलकापुरात मी कुणाचा खांदा न धरता उतरलो. तो जवळ येऊन कुरकुरला, की इतक्या हळू चालवली की स्कूटर बंद पडते.

मग पुढं जा, म्हणालो.

तो गेला नाही.