अर्ध्या पट्टीचं गणित

ऑफिसात त्यांना सगळे गणितबाई म्हणत, आणि बाईंना ते मनातून आवडायचं. काम तसं नाजूकच. केसाहून बारीक, कमानीसारखी वाकलेली एक पट्टी. तिच्याखाली दुसरी, पक्की बसवलेली. दोघींमध्ये विजेचा दाब वाढवत नेला की वरची ओढली जाते आणि एका क्षणी टपकन खाली बसते. झाला स्विच. तो क्षण किती व्होल्टला येणार, हे पट्टी बनण्याआधीच कॉम्प्युटरवर मांडून सांगायचं, हा बाईंचा धंदा.

त्यात बाईंची एक युक्ती होती. पट्टी अर्धीच मांडायची. डावी बाजू करील तेच उजवी करील, असं कॉम्प्युटरला एकदा बजावलं की निम्म्या वेळात उत्तर हजर. शितावरून भाताची परीक्षा त्यांना इतकी साधली होती की घरीही तेच चाले. नवऱ्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं त्याच पुरं करत. तो बिचारा मान डोलावून मोकळा होई.

गेल्या आठवड्यात मोठ्या दिरांचा फोन आला. त्यांच्या फर्निचरच्या कारखान्याला भरवशाचा माणूस हवा होता; भाऊ विमा कंपनीतली खुर्ची सोडून येतो का? फोन बाईंनी उचलला होता.

"छे हो दादा, आम्ही दोघंही इथं मजेत आहोत," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याला निकाल कळवला. तेव्हापासून तो गप्प होता. बाईंनी ती संमती धरली.

इकडे पट्ट्या बनून आल्या आणि बाईंच्या आकड्याच्या कितीतरी आधीच खाली बसू लागल्या.

"मोजण्यात चूक असेल," बाई म्हणाल्या.

मोजमाप करणारी मैत्रीण तोंडाची फटकळ. "हातच्या काकणाला आरसा कशाला?" म्हणत तिनं सूक्ष्मदर्शकातलं चित्रण हळू करून लावलं. पट्टी सरळ खाली येतच नव्हती. आधी उजवी बाजू कलली, डावी वर उचलली गेली, मग सगळी कोसळली.

"अगं, तुझ्या गणितात हिला कलायला जागाच नव्हती. तू अर्धीलाच विचारलंस!"

बाईंना पट्टी राहिली बाजूला, घरातला गप्प माणूस आठवला. फार लाज वाटली.

संध्याकाळी नवरा भांडी विसळत होता.

"तुला जायचं होतं का रे दादांकडे?"

त्यानं नळ बंद केला. "नाही."

बाईंचा जीव भांड्यात पडला. "मग फुगलास कशाला? म्हणजे मी बरोबरच..."

"नाहीच म्हणणार होतो. पण ते मला म्हणायचं होतं."

बाईंनी मुकाट्यानं दिरांना फोन लावून त्याच्यापुढे धरला. त्यानं हात पुसले.

"दादा, मी बोलतोय. ते कामाचं नेमकं काय आहे, नीट सांग बघू."

पलीकडून दादा सांगत राहिले. हा ऐकत होता, मध्येच हसत होता, "असं होय!" म्हणत होता. मग खुर्ची ओढून निवांत बसला.

बाईंच्या मनात आलं, जाईल की काय हा? त्या तिथंच उभ्या राहिल्या, ओठ घट्ट मिटून.