सगळ्याच नळ्या वाकड्या

इटलीच्या डोंगरदरीतल्या गार्दोनेत बंदुका करणाऱ्यांना तोटा नाही, पण नळी सरळ करावी ती फिरमोनंच. चौतीस वर्षं त्यानं तेच केलं. नळी खिडकीकडे धरायची, डावा डोळा मिटायचा आणि आत एकात एक बसलेली सावलीची कडी बघायची. कडं जिथं कलेल तिथं नळी वाकलेली. मग यंत्राखाली एक बेताचा दाब, झाली सरळ. असा माणूस लेकीसाठी बंदूक घ्यायला निघाला, म्हणजे दुकानदारांची साडेसातीच की!

लेक ओर्नेल्ला हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरणारी. जुनी बंदूक खिळखिळी झालेली, आणि महिन्याभरात दरीतली मोठी स्पर्धा. तिला हवी होती एकावर एक नळ्यांची, मधल्या किमतीची, खांद्याला बसणारी. नक्षीबिक्षी काही नको. पण तीन शनिवार फिरमो एकेका नळीतून बघायचा आणि बंदूक खाली ठेवायचा. "वाकडी."

घरीही त्याला चैन पडत नव्हती. ताटातला मक्याचा पोलेंटा गार व्हायचा आणि हा उठून भिंतीवरच्या तसबिरी सरळ करत बसायचा. त्याची पाठ वळली की ओर्नेल्ला त्या पुन्हा होत्या तशा करायची. बोलायची मात्र नाही.

चौथ्या शनिवारी दोघं पुन्हा पहिल्याच दुकानात, सेवेरीनोकडे आले. सेवेरीनो त्याचा शाळेपासूनचा दोस्त.

"पोरीला नवरा बघताना तरी एवढी चिकित्सा केली होतीस का रे?"

"केली असती तर बरं झालं असतं."

"बाबा, स्पर्धा उद्या आहे," ओर्नेल्ला म्हणाली.

फिरमोनं आणखी दोन वाकड्या ठरवल्या. तेव्हा सेवेरीनोनं आतून नुसत्याच नळ्यांची एक जोडी आणली. "ही बघ बरं."

फिरमोनं ती खिडकीकडे धरली. "छे! वरची डावीकडे गेलीय. हे ज्यानं केलं त्याला गुरं वळायला पाठवा."

खाली ठेवता ठेवता त्याचा अंगठा नळीच्या पोटाशी अडला. ठोकलेले तीन बारीक ठिपके. ही खूण साऱ्या दरीत एकाच माणसाची होती, त्याची स्वतःची.

"माझी शिकारीची आहे," सेवेरीनो हळूच म्हणाला. "सव्वीस वर्षं झाली. पाखरू सहसा चुकत नाही."

फिरमोनं नळ्या परत उचलल्या आणि या खेपेस उजवा डोळा मिटला. कडी जागच्या जागी बसलेली. ज्या डोळ्यानं घर चालवलं त्यानंच दगा दिला होता. त्याला आधी राग आला, मग मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फसवलंस मला."

"तोंडानं सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

तो लेकीकडे वळला. "तुला ठाऊक होतं."

"तसबिरींपासून."

बराच वेळ तो दुकानात येरझाऱ्या घालत राहिला. मग पहिल्या शनिवारी नाकारलेली बंदूक त्यानं स्वतःच काढली, उघडली आणि तिच्या हातात दिली. लहानपणी कामाच्या बाकावर बसवून त्यानंच तिला नळीतून बघायला शिकवलं होतं.

"तू बघ."

तिनं डोळा लावला.

"काय दिसतं?"

"कडी. एकात एक."

"मधलं बघ. घाई नको."

"तेही बरोबर आहे, बाबा. सरळ आहे."

"नुसतं सरळ म्हणू नकोस. पहिल्यापासून सांग. एकेक."

ती एकेक कडं सांगत गेली, अगदी टोकापर्यंत. फिरमो दोन्ही डोळे मिटून ऐकत उभा राहिला.